विश्लेषण : घरातला दगडांचा संग्रह महाविद्यालयाला देताना काय पाहावे? लोणारच्या जिल्ह्यासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

विहीर खोदताना निघालेली चकाकती गारगोटी, क्रशरच्या ढिगातून उचललेला पांढरा स्फटिक, रस्त्याच्या कटिंगमध्ये सापडलेला हिरवट खडा. पश्चिम विदर्भात असे दगड कुणाच्या शोकेसमध्ये, तर कुणाच्या देव्हाऱ्यात दिसतात. काही जण मात्र ते आयुष्यभर नेटाने जमवतात. संग्राहकाचे वय झाले की घरात प्रश्न उभा राहतो : याचे करायचे काय? ‘कॉलेजला देऊन टाका’ हे उत्तर सहज सुचते आणि ते योग्यही आहे. पण खोकी भरून प्रयोगशाळेच्या दारात ठेवली म्हणजे दान पूर्ण होत नाही. कागदपत्रे, चिठ्ठ्या आणि देखभाल यांची सोय झाली नाही, तर चांगला संग्रह काही वर्षांत पुन्हा नुसता दगडांचा ढीग होतो. असे का होते आणि ते कसे टाळता येते, याविषयी...

बुलढाणा जिल्ह्यातील दगडांचे वैशिष्ट्य काय?

जिल्ह्याचा मोठा भाग दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर उभा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा खडक तयार झाला. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत खनिजयुक्त पाणी झिरपले आणि त्यातून स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, ह्युलंडाइट, स्कोलेसाइट ही झिओलाइट गटातील खनिजे, त्यांच्या सोबतीने येणारे अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी आणि अकीक यांचा जन्म असा झाला. महाराष्ट्रातील ही खनिजे जगभरच्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील सावद्याच्या खाणी त्यासाठी संग्राहकांना ठाऊक आहेत.

झिओलाइट हे केवळ शोभेचे दगड नाहीत. त्यांच्या रचनेत अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. तापवल्यावर त्यातून पाण्याची वाफ निघते, म्हणून स्वीडिश शास्त्रज्ञ क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये ‘उकळणारा दगड’ अशा अर्थाचे हे ग्रीक नाव दिले. करोनाकाळात घरोघरी पोहोचलेल्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हवेतील नायट्रोजन धरून ठेवणारा पदार्थही झिओलाइटच होता, फक्त कारखान्यात बनवलेला. विद्यार्थ्याच्या हाती तळहातावर मावणारा स्टिल्बाइट ठेवला, तर खदानीपासून रुग्णालयापर्यंतचे विज्ञान एका दगडावरून शिकवता येते.

लोणारचे स्थान वेगळे का?

बुलढाणा जिल्ह्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी शेजारच्या जिल्ह्यांकडे नाही : लोणारचे विवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्टमध्ये झालेल्या आघातातून बनले. १८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला. तो मिटवण्यात निर्णायक ठरले ते दगडच. तळ्याच्या तळाखाली ड्रिलिंग करून काढलेल्या तुकड्यांत ‘मास्केलिनाइट’ सापडले. फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांनी १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ते मांडले. प्रचंड आघाताच्या दाबाने फेल्डस्पार या खनिजाची स्फटिकरचना मोडून ते काचेसारखे होते. त्यालाच मास्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या उद्रेकात असा दाब निर्माण होत नाही.

या तळ्याच्या क्षारांचा इतिहासही जुना आहे. लोणारच्या परिसरात काच आणि साबण बनवण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद ‘ऐन-ए-अकबरी’त आहे. तळ्यातून निघणाऱ्या क्षारांना डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी प्रतवारीची स्थानिक नावे होती. तळ्याच्या गाळात गेलुसाइट हे सोडियम-कॅल्शियमचे खनिजही सापडले आहे. गाळाच्या कोणत्या थरात ते आहे, यावरून पूर्वीच्या दीर्घ दुष्काळांचा अंदाज शास्त्रज्ञ बांधतात. म्हणजे पावसाचा लेखी हिशेब ठेवण्याआधीच्या दुष्काळांची नोंद इथल्या खनिजांत आहे.

जुना दगड जपून काय मिळते?

याचे उत्तर मास्केलिनाइटच्याच गोष्टीत आहे. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील गया परिसरात शेरघाटी येथे एक अशनी पडला. त्याचे तुकडे कोलकाता आणि युरोपातील संग्रहालयांत गेले. १८७२ मध्ये व्हिएन्नाच्या चेर्माक यांनी त्यातील काचेसारख्या पदार्थाला ब्रिटिश म्युझियमचे खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी-मास्केलिन यांचे नाव दिले. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षे हा दगड कपाटात होता. १९८०च्या दशकात अशा अशनींत अडकलेल्या वायूची तुलना व्हायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या वातावरणाशी झाली आणि शेरघाटीचा दगड मंगळावरून आल्याचे मान्य झाले. या गटातल्या अशनींना आज ‘शेरगोटाइट’ म्हणतात.

१८६५ मध्ये ज्यांनी हा दगड जपून ठेवला, त्यांना तो मंगळाचा आहे हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. तो कधी आणि कुठे पडला याची नोंद त्यांनी ठेवली, तेवढे पुरले. लोणारच्या वयाबाबतही असेच झाले. आधीच्या मोजणीत ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते. आघातात वितळलेल्या खडकाची आर्गॉन पद्धतीने तपासणी झाल्यावर २०११ मध्ये ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. यंत्रे बदलतात, तशी उत्तरे बदलतात. नवे उत्तर मिळवायला दगड मात्र शिल्लक असावा लागतो.

नमुन्याची खरी किंमत कशात असते?

चिठ्ठीत. खनिजाचे नाव चुकले तरी चालते, कारण ते नंतर तपासून दुरुस्त करता येते. दगड कुठे सापडला, हे मात्र कोणतेही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. सावद्याचा स्टिल्बाइट आणि पुण्याजवळचा स्टिल्बाइट दिसायला सारखेच असू शकतात. ‘स्टिल्बाइट, महाराष्ट्र’ एवढे लिहिलेला नमुना वर्गात दाखवायला ठीक, संशोधनाला जवळपास निरुपयोगी. त्याउलट गाव, तालुका, विहीर की खदान, किती फुटांवर, कोणत्या महिन्यात आणि कोणाकडून मिळाला, एवढे लिहिलेला साधा खडाही पुरावा ठरतो.

जागाही कायम राहत नाहीत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खदानींतून निघालेले कॅव्हन्साइट हे गर्द निळे खनिज त्याचे उदाहरण. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या घटकांवरून त्याचे नाव पडले. ते प्रथम अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये सापडले, पण जगातील सर्वांत देखणे नमुने वाघोलीचेच मानले जातात. आता वाघोली हे शहराचे उपनगर झाले आहे. खदान बुजली किंवा तिच्यावर इमारत उभी राहिली की तिथला आधी जमवलेला नमुना हाच त्या जागेचा एकमेव साक्षीदार उरतो. समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा, मेहकर, लोणार या पट्ट्यातून गेला, तेव्हा अशाच प्रकारे खडक फोडला गेला. त्या कटिंगमधून कोणी काही उचलून नोंदवून ठेवले असेल, तर तो खडा आज जिल्ह्याच्या भूशास्त्राचा दस्तऐवज आहे.

संग्रह हरवतात म्हणजे नेमके काय होते?

चोरीपेक्षा विस्मरणाने जास्त नुकसान होते. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरजवळ काही जीवाश्म हाडे मिळाली. एका अधिकाऱ्याच्या हौसेने जमा झालेली ही हाडे हातोहाती कोलकात्याला पोहोचली. १८७७ मध्ये लिडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ या डायनोसॉरचे नामकरण केले. पुढे ती कुठे गेली, हे कुणालाच सांगता येईना. अनेक दशके ती हरवली असे धरले जात होते. २०१२ मध्ये त्यातले एक हाड सापडले, तेही भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) कोलकात्यातील संग्रहातच. हाड संस्थेबाहेर गेलेच नव्हते. ते ओळखू येईल अशी नोंद तेवढी तुटली होती.

विदर्भाचे उदाहरण आणखी जवळचे आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. धर्मप्रसार आणि शिक्षणाबरोबर त्यांनी परिसरातील खडक, वनस्पती आणि प्राण्यांचे जीवाश्म जमवले. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिले. टाकळीच्या हिरव्या कॅल्साइटला १८५९ मध्ये त्यांच्यावरून ‘हिस्लोपाइट’ असे नाव देण्यात आले, जरी आज ते स्वतंत्र खनिज मानले जात नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची शिळावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात त्यांचा मृत्यू झाला. नागपुरात त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून आहे. त्यांनी लंडनला पाठवलेले महत्त्वाचे जीवाश्म मात्र तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. हे नमुने टिकले, अभ्यासले गेले, ही जमेची बाजू. मात्र ज्या मातीतून ते निघाले, तिथल्या विद्यार्थ्याला ते पाहायला परदेशी जावे लागते. स्थानिक महाविद्यालयाचे संग्रहालय सक्षम असण्याचा अर्थ इथे कळतो.

दान करताना कायदा काय सांगतो?

दगडांचा संग्रह ही जंगम मालमत्ता आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार जंगम वस्तूचे दान नोंदणीकृत बक्षीसपत्राने किंवा प्रत्यक्ष ताबा देऊन करता येते. म्हणजे नोंदणी बंधनकारक नाही. मात्र दान देणारा हयात असतानाच ते स्वीकारले जाणे आवश्यक आहे. ‘माझ्यामागे कॉलेजला द्या’ असे तोंडी सांगून ठेवले, तर ते दान ठरत नाही. त्यासाठी मृत्युपत्रात तशी तरतूद हवी.

नोंदणी नसली तरी साधे दानपत्र करणे दोघांच्याही हिताचे. त्यात नमुन्यांची क्रमांकवार यादी जोडावी. संग्रह एकत्र ठेवायचा की खनिजांच्या वर्गवारीत मिसळायचा, दुय्यम नमुने दुसऱ्या संस्थेला देता येतील का, विक्रीची मुभा आहे का आणि विभागच बंद झाला तर संग्रह कुठे जाईल, हे स्पष्ट लिहावे. शेवटचा मुद्दा बहुतेकदा राहून जातो, आणि वाद पुढे त्यावरूनच होतात. करसवलतीची अपेक्षा असेल, तर ८०-जी खालील वजावट वस्तुरूप देणगीला मिळत नाही, हेही आधी माहीत असावे.

लोणारच्या विवरातून आणलेला दगड देता येतो का?

इथे सावध राहायला हवे. विवराचा परिसर अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर २०२० पासून लोणार सरोवर रामसर यादीत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वनोपज’ या शब्दाच्या व्याख्येत जंगलातील खडक आणि खनिजेही येतात. त्यामुळे परवानगीशिवाय तिथला खडा खिशात घालणे हा हौसेचा भाग नाही, कायद्याचा भंग आहे. जुन्या संग्रहात लोणारचे नमुने असतील, तर ते कधी आणि कसे मिळाले याची माहिती लपवू नये. महाविद्यालयाने ती नोंदवून वन विभागाला लेखी कळवणे हा सुरक्षित मार्ग आहे. चिठ्ठी फाडून ‘अज्ञात ठिकाण’ लिहिणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्यात कायदाही पाळला जात नाही आणि विज्ञानही बुडते.

‘लोणारला पडलेल्या उल्केचा तुकडा’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दगडांबाबतही हेच. एवढ्या मोठ्या आघातात अशनीचा बहुतांश भाग वितळून, वाफ होऊन जातो. त्याच्या खुणा वितळलेल्या खडकातील निकेल-क्रोमियमसारख्या मूलद्रव्यांच्या प्रमाणात शोधाव्या लागतात. लोहचुंबक चिकटतो एवढ्यावरून दगड उल्केचा ठरत नाही. साध्या बेसॉल्टमध्येही मॅग्नेटाइट असते आणि चुंबक त्यालाही ओढला जातो.

महाविद्यालयांपुढे अडचणी कोणत्या?

पहिली अडचण नोंदवहीची. विभागात आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढवण्याची महाविद्यालयांची पद्धत आहे. खुर्ची, बीकर आणि सूक्ष्मदर्शकासाठी ती योग्य आहे. पण त्या रजिस्टरमधील वस्तू जुनी किंवा निरुपयोगी ठरली की ती निर्लेखित करता येते. ‘दगड, नग २५०’ अशी एका ओळीची नोंद झाली, तर वीस वर्षांनी नव्या विभागप्रमुखाच्या हाती निर्लेखनाचा कागद आयताच येतो. म्हणून संग्रहासाठी स्वतंत्र ॲक्सेशन रजिस्टर हवे, ज्यात प्रत्येक नमुन्याला स्वतःचा क्रमांक असेल. नमुन्याच्या मागे पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने तोच क्रमांक लिहायचा. चिठ्ठी हरवली तरी दगड आणि नोंद पुन्हा जुळतात.

दुसरी अडचण हवेची. दगडाला काय होणार, हा समज खोटा आहे. लॉमोन्टाइट हे झिओलाइट कोरड्या हवेत पाणी गमावून चुरा होते. विदर्भातला उन्हाळा त्याला पुरेसा आहे. तळ्यातून काढलेला गेलुसाइटही कोरड्या हवेत पांढरा पडून भुसभुशीत होतो. उलट पायराइट पावसाळ्याच्या दमटपणात ऑक्सिडाइझ होते, त्यातून गंधकाम्ल तयार होते आणि ते खालचा कागद व पेटीही खाते. ॲमेथिस्टचा जांभळा रंग उन्हात फिका होतो. ओकेनाइटचे कापसासारखे गोळे एका बोटाच्या स्पर्शाने कायमचे दबतात. पाण्याने धुणे, ब्रशने घासणे, खिडकीत मांडणे या तिन्ही गोष्टी ‘स्वच्छता’ म्हणून होतात आणि नमुने बिघडवतात.

तिसरी अडचण सुरक्षेची. गॅलेनामध्ये शिसे, सिनाबारमध्ये पारा, रिअलगारमध्ये आर्सेनिक असते. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात जाणे धोक्याचे आहे. हे नमुने बंद काचपेटीतच ठेवावेत आणि विद्यार्थ्यांच्या हाताळणीच्या संचातून वगळावेत.

चौथी आणि सर्वांत मोठी अडचण पैशांची. दान फुकट मिळते, देखभाल फुकट होत नाही. अमेरिकेत ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनी आयुष्यभर खनिजे जमवली. १९२६ मध्ये त्यांच्या निधनानंतर मुलाने सुमारे १६ हजार नमुने स्मिथसोनियन संस्थेला दिले आणि सोबत दीड लाख डॉलरचा निधीही दिला. आज जवळपास शंभर वर्षांनीही तो संग्रह वाढता आहे, त्यामागे हा निधी आहे. त्याच संस्थेची दुसरी आठवणही लक्षात ठेवण्यासारखी. जिच्या देणगीतून ती उभी राहिली, त्या जेम्स स्मिथसन यांचा स्वतःचा खनिजसंग्रह जानेवारी १८६५च्या आगीत नष्ट झाला. खनिजांची आणि कागदांची जागा एकच असली की एका आगीत दोन्ही जातात.

आपल्याकडे दीड लाख डॉलरची अपेक्षा नाही. कुलूपबंद कपाटे, काचेच्या झाकणाच्या पेट्या, आर्द्रतामापक आणि वर्षातून एकदा मोजणी, एवढा खर्च माजी विद्यार्थी संघही उचलू शकतो. संग्रहाला लोकाश्रय मिळू शकतो, हे सिन्नरच्या ‘गारगोटी’ या खनिज संग्रहालयाने दाखवले आहे. एका व्यक्तीच्या ध्यासातून उभे राहिलेले हे खासगी संग्रहालय पाहायला लोक तिकीट काढून जातात.

देण्यापूर्वी संग्राहकाने काय करावे?

सर्वांत आधी बोलावे आणि लिहून घ्यावे. चिठ्ठ्या नसलेले दगड संग्राहकाला मात्र आठवत असतात : हा अमक्या शिवारातला, तो तमक्याने दिलेला. ही माहिती फक्त एका माणसाच्या डोक्यात असते आणि त्याच्यासोबत जाते. महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी चार रविवार त्यांच्या घरी बसून प्रत्येक नमुना हातात घेऊन नोंद केली, मोबाइलवर फोटो आणि आवाज टिपला, शक्य तिथे जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवले, तर निम्मे काम तिथेच होते. आठवत नसेल तिथे ‘आठवत नाही’ असेच लिहावे. अंदाजाने घातलेले गावाचे नाव कोऱ्या चिठ्ठीपेक्षा घातक असते. जुन्या चिठ्ठ्या मळलेल्या, चुकीच्या असल्या तरी फेकू नयेत. नवी चिठ्ठी त्यांच्या शेजारी ठेवावी. विकत घेतलेले नमुने तसे नोंदवावेत, कारण बाजारात रंग दिलेले ओकेनाइट आणि दुसऱ्या दगडावर डिंकाने चिकटवलेले कॅव्हन्साइटही मिळते.

यादीच्या तीन प्रती कराव्यात : एक महाविद्यालयाकडे, एक कुटुंबाकडे, एक इमारतीबाहेर किंवा ऑनलाइन. ज्या महाविद्यालयात भूशास्त्र विभाग नाही, तिथे भूगोल किंवा रसायनशास्त्र विभाग जबाबदारी घेऊ शकतो. मात्र जबाबदार व्यक्तीचे पद दानपत्रात लिहिलेले असावे, नाव नव्हे. माणसे बदली होतात, निवृत्त होतात. पद राहते.

पुढे काय?

संग्रह स्वीकारताना होणारा सत्कार, शाल-श्रीफळ आणि फोटो यांनी त्या दिवसाची बातमी होते. संग्रहाचे खरे मोजमाप पाच वर्षांनी होते, ते तीन साध्या प्रश्नांनी. यादीतले सर्व नमुने जागेवर आहेत का? गेल्या वर्षी किती विद्यार्थ्यांनी ते हाताळले? एखाद्या संशोधकाने ‘या गावाचा नमुना आहे का’ असे विचारले, तर दहा मिनिटांत उत्तर देता येईल का? या तीन प्रश्नांना होकार देणारे एखादे कपाट बुलढाण्यात उभे राहिले, तर विहिरीतून निघालेल्या गारगोटीला देव्हाऱ्याखेरीज दुसराही पत्ता मिळेल.